बोरन्हाण ते पिठोरी: लेकरांसाठी आईचे सण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत जालना जिल्ह्यातही, राज्यात इतरत्र होते तसे, लहानग्यांचे बोरन्हाण होते. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओततात. भोवतीची पोरं ते वेचायला तुटून पडतात. हल्ली त्यात चॉकलेटंही असतात, आणि आधी तीच संपतात. पाचवे वर्ष सरले की हा सोहळा थांबतो. लेकरू मोठे झाल्याचा आनंद होतो आणि आईला गलबलूनही येते.

मूल हातून सुटत जाण्याची याच जिल्ह्यातली प्रसिद्ध कथा घनसावंगी तालुक्यातल्या जांबची. १६०८ साली राणूबाई ठोसरांच्या पोटी जन्मलेला नारायण बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून गेला, असे परंपरा सांगते. अनेक वर्षांनी तो आईला भेटला तेव्हा समर्थ रामदास झाला होता.

पिठोरीच्या सणाला मात्र बोरन्हाणासारखी वयाची अट नाही. श्रावण अमावास्येला बाहेर पोळ्याचे बैल सजतात आणि घरात आई उपवास धरून चौसष्ट योगिनींची पूजा मांडते. संध्याकाळी खीर-पुरीचे वाण डोक्यावर घेऊन, मागे न पाहता, ती विचारते, “अतीत कोण?” पाठीशी उभे असलेले मूल आपले नाव सांगून वाण घेते. लग्न झालेल्या, मिशा फुटलेल्या मुलालाही हे चुकत नाही. एकाहून अधिक मुले असतील तर प्रत्येकासाठी हा प्रश्न नव्याने विचारला जातो.