झांकलेली राणी

विश्रांतवाडीच्या दक्षिणेकडून जो रस्ता नगरला जातो, त्या नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, सोळाव्या शतकांत निजामशाहीचें तख्त होतें. त्या तख्तावरील एका राणीचीं चित्रें पुण्यांतच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत आहेत. राणीचें नांव खुंजा हुमायून. चांदबिबीची ती आई, एवढें सांगितल्यावर पुष्कळांस ओळख पटेल. परंतु तिची स्वतःची कथा लेकीच्या कथेहून कमी चटका लावणारी नाहीं.

पहिला हुसेन निजामशहा १५५३ सालीं गादीवर आला. त्याची ही बेगम. विजयनगरच्या रामराजाविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची एकी झाली, तेव्हां तिची कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली गेली आणि सोलापूरचा किल्ला आंदण गेला. १५६५ च्या जानेवारींत तालिकोटची लढाई झाली. सहा महिने उलटण्यापूर्वींच विजयी हुसेनशहा वारला. मुलगा मुर्तजा लहान होता; कारभार आईनें हातीं घेतला.

याच वेळीं आफताबी नांवाच्या कवीनें फारसींत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें काव्य रचलें. त्याच्या मंडळांतील सचित्र पोथींत आज बारा चित्रें उरलीं आहेत. पोथी राणीच्याच आश्रयाखालीं तयार झाली असावी, असें अभ्यासक मानतात. कारण तीत राजाच्या पराक्रमाबरोबर राणीच्या रूपाचीही मनमोकळी स्तुति आहे, आणि चित्रांत ती राजाच्या अगदीं लगत सिंहासनावर बसविलेली होती. पडद्यांतील बेगमेस असें उघड्या दरबारीं बसविणें, हें त्या काळच्या मुसलमानी चित्रकलेंत अपूर्वच म्हटलें पाहिजे.

‘बसविलेली होती’ असें म्हणावें लागतें. कारण बहुतेक चित्रांत तिच्यावर मागाहून रंग फांसला आहे. राजा आहे, दासी आहेत, सोनेरी पार्श्वभूमि आहे. राणीच्या जागीं मात्र एक डाग. बचावलें तें एक निराळें चित्र. त्यांत एका सुंदरीच्या स्पर्शानें झाड बहरलें आहे. हा संस्कृत कवींचा जुना ‘दोहद’ संकेत. आपला ‘डोहाळे’ शब्द तिकडचाच. तेथें शेजारीं राजाही नाहीं, सिंहासनही नाहीं.

त्या शतकांत युरोपांत राण्यांचीं चित्रें समोर बसवून रेखाटण्याची प्रथा रूढ झाली होती. फ्रान्सची राजमाता कॅथरीन द मेदिची हीही अल्पवयी मुलाच्या नांवें राज्य करीत होती, आणि तिचा चेहरा चित्रांतून आजही ओळखतां येतो. उलट, इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलीन हिचा १५३६ सालीं शिरच्छेद झाला. तिच्या हयातींतील निःसंशय प्रतिमा म्हणजे १५३४ चें एक शिशाचें पदक, आणि त्यावरचें नाकही झिजलेलें. तिचीं प्रसिद्ध चित्रें मागाहूनचीं.

खुंजा हुमायूनच्या बाबतींत मात्र चेहऱ्याचें साम्य हा प्रश्नच नव्हता. अंतःपुरांतील बेगम चितारी काय म्हणून पाहणार? त्यानें डौलदार, लांब वेणीची, दाक्षिणात्य पेहरावाची एक सांकेतिक स्त्री काढली. तेव्हां ज्यानें कोणी रंग फांसला, त्याला तिचें रूप सलत नव्हतें. सलत होती तिची जागा.

सरदारांची तक्रार होती कीं, राणी आपल्या भावांना आणि आप्तांना जहागिरी वांटते. ती अगदींच निराधार नव्हती. परंतु पुरुष राज्यकर्त्यांनीं तेंच केलें असतां कोणी इतका गहजब करीत नसे. १५६९ सालीं मुर्तजानें स्वतःच्या आईस कैद केलें. चित्रांवरचा रंग त्यानंतरचाच असावा, असा तर्क आहे.

पुढें १५९५-९६ च्या वेढ्यांत चांदबिबीनें अहमदनगरचा किल्ला मोंगलांविरुद्ध लढविला, आणि दख्खनी चितारी तिला हातावर ससाणा घेतलेली, घोड्यावर बसलेली अशी शंभर-दीडशें वर्षांनंतरही रंगवीत राहिले. नगरजवळच्या डोंगरावरील उंच इमारतीसही लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वास्तविक ती कबर आहे सलाबतखानाची, म्हणजे आईला कैद करणाऱ्या त्याच मुर्तजाच्या वजिराची.