वार्धक्यातील स्मरणशक्ती आणि चालण्याचा व्यायाम

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे की, घरातील वडीलधारी माणसे विसरू लागली तरी तो वयाचाच धर्म मानला जातो. वस्तुतः किरकोळ विसर आणि स्मृतिभ्रंश या भिन्न गोष्टी होत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षे व त्यावरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा. शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले.

मेंदूवर होणारा परिणाम

नव्या आठवणी साठविण्याच्या कामी मेंदूतील ‘हिप्पोकॅम्पस’ हा लहानसा भाग महत्त्वाचा असतो. उतारवयात तो हळूहळू आक्रसतो. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एक गट आठवड्यातून तीन दिवस, टप्प्याटप्प्याने वाढवीत ४० मिनिटांपर्यंत चालला; दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेरीस पहिल्या गटात हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर दुसऱ्यात तो सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. नंतरच्या सर्वच प्रयोगांत अशी वाढ दिसली नाही. तथापि नियमित हालचालीने मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो आणि त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना अपाय करणारे रक्तदाब व मधुमेह हे विकार आटोक्यात राहण्यास मदत होते. व्यायाम हा स्मृतिभ्रंशावरील उपचार नव्हे. मात्र त्याचा धोका कमी करणाऱ्या उपायांत त्याला मानाचे स्थान आहे.

गावाने काय करावे?

जन्मभर शेतात राबलेल्या माणसास वेगळा व्यायाम कशाला, असे विचारले जाते. परंतु काम सुटून तो ओसरीवर बसला की हालचाल एकाएकी थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी व वृद्धांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पासष्टी गाठलेल्यांनी तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायामही करावेत. हृदयविकार वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सल्ला घ्यावा.

यासाठी मोठा खर्च नको. खड्डे नसलेली वाट, तिच्यावर दिवे, मध्ये बसावयास बाक आणि सकाळी वृद्धांसाठी खुले ठेवलेले शाळेचे मैदान एवढे ग्रामपंचायतीस करता येण्याजोगे आहे. पडण्याच्या भीतीने उंबरठ्याआड राहणाऱ्या आजीबाईंची पावले त्या वाटेवर पडू लागली, तर आपल्या नातवंडांची नावे त्यांच्या ओठी अधिक काळ राहण्याची आशा बळावेल.