ॲलर्जी : प्रतिकारशक्तीची चुकलेली ओळख

पेणच्या गणपती कारखान्यात प्लास्टरची मूर्ती घासताना शिंका येतात, रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या उग्र वासाने घसा खवखवतो आणि कोलंबी खाल्ल्यावर एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात. या सगळ्याला आपण सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतो, ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असे ठरवतो आणि ती वाढवायला काढे सुरू करतो. यातले दोन्ही समज तपासायला हवेत. धूळ आणि उग्र वाफ बहुतेक वेळा नाकाघशाच्या अस्तराला थेट चुरचुरवतात. प्रमाण वाढले तर त्रास कोणालाही होतो. कोलंबी मात्र साऱ्या पंगतीला पचते आणि एकालाच बाधते. तो फरक त्या माणसाच्या प्रतिकारयंत्रणेत असतो, आणि ती यंत्रणा दुबळी नसते. ती निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून बसलेली असते.

यावर हमखास आक्षेप येतो : ‘लहानपणापासून जवळा-कोलंबी खातोय, मग आजच कशी ॲलर्जी?’ उत्तर शरीराच्या स्मरणात आहे. ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी पाहिले की, घोड्याच्या रक्तातील सीरमचे इंजेक्शन पुन्हा दिल्यावर काही रुग्णांना आधीपेक्षा लवकर आणि जास्त त्रास होतो. या बदललेल्या प्रतिसादाला त्यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. आधीच्या संपर्कात शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते आणि ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले की या पेशी हिस्टामाइन सोडतात. मग खाज, सूज, शिंका, धाप. ही नोंद कोणत्याही वयात होऊ शकते. ‘नीट शिजवली की बाधत नाही’ हेही खरे नाही, कारण कोलंबीतले ट्रोपोमायोसिन हे प्रमुख प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

मासा खाऊन उठलेली प्रत्येक गांधी ॲलर्जीची असते, असेही नाही. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामाइन तयार करतात. तो खाऊन होते ती विषबाधा, आणि ती एकाच वेळी अनेकांना होऊ शकते. केवळ चाचणीत आयजीई आढळले म्हणूनही ॲलर्जी सिद्ध होत नाही. प्रत्यक्ष त्रासाशी चाचणीचा मेळ बसावा लागतो. म्हणून काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, बरोबरच्यांनाही झाला का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास अडकला, घसा सुजला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठा. अशा वेळी जीव वाचवणारे पहिले औषध ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आहे.