रेंज नसली तरी मोबाईल टीव्हीवर दिसतो

“नेट नाही तं मोबाईल टीव्हीवर कसा दिसन जी?”

शाळेच्या व्हरांड्यात पावसानं अडकलेल्या एका पालकांनी मला विचारलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडपासून आत, घोडाझरीच्या जंगलाकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा. पाऊस लागला की टॉवर जातो. त्या दिवशीही फोनवर रेंजची एक काडी नव्हती. तरी आत तिसरी-चौथीची पोरं दीक्षा या शैक्षणिक ॲपमधला धडा टीव्हीवर बघत होती. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून तो व्हिडिओ मी आदल्या दिवशी नागभीडला रेंजमध्ये असतानाच डाउनलोड करून ठेवला होता.

वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, हे आपल्या मनात पक्कं बसलंय आणि बाकीचे गैरसमज तिथूनच फुटतात. वाय-फाय ही दोन यंत्रांमधली बिनतारी वाट आहे. त्या वाटेवरून इंटरनेट येऊ शकतं, पण आलंच पाहिजे असं नाही. वाय-फाय अलायन्स या संघटनेनं २०१२ साली आणलेल्या मिराकास्ट पद्धतीत फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट जोडले जातात. मध्ये राउटर लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, टॉवरही लागत नाही. फोन आपल्या पडद्यावरचं चित्र सतत टिपतो, दाबून लहान करतो आणि टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही ते उलगडून दाखवतो. यालाच मिररिंग म्हणतात. या टिपण्या-उलगडण्यात थोडा वेळ जातो, म्हणून फोनवर बोट फिरवल्यावर टीव्हीवर ते किंचित उशिरा दिसतं. त्यात टीव्हीचा दोष नाही.

आमच्या फोनमध्ये ही सोयच नाही, असं सांगणारेही बरेच भेटतात. बहुतेकदा सोय असते, नाव वेगळं असतं. सॅमसंगमध्ये ‘स्मार्ट व्ह्यू’, दुसरीकडे ‘कास्ट’, ‘स्क्रीनकास्ट’ किंवा ‘वायरलेस डिस्प्ले’. टीव्हीवरही रिमोटनं ‘स्क्रीन मिररिंग’ आधी उघडून ठेवावं लागतं, नाहीतर फोन शोधतच बसतो. मात्र आयफोनला आणि गुगलच्या पिक्सेल फोनला मिराकास्ट चालत नाही. आयफोनसाठी टीव्हीत एअरप्ले हवं, पिक्सेलसाठी गुगल कास्ट. ‘स्मार्ट’ टीव्ही घेतला म्हणजे कुठलाही फोन जोडला जाईल, ही समजूत इथे फसते. ब्लूटूथवरून चित्र जाईल ही आशाही सोडा. ती वाट तेवढी रुंद नसते.

आता खर्चाचा मुद्दा. ‘मिररिंगनं डेटा संपतो’ हे मी रोज ऐकतो. फोनवरून टीव्हीवर चित्र जायला एक एमबीही लागत नाही. फोनवर यूट्यूब चालू असेल तर त्या व्हिडिओचा डेटा जातो, आणि तो टीव्ही नसता तरी गेलाच असता. डेटा खरा खातं ते कास्टिंग. यूट्यूबच्या कोपऱ्यातलं कास्टचं चिन्ह दाबलं की फोन नुसता रिमोट होतो. टीव्ही स्वतः इंटरनेटवरून व्हिडिओ ओढतो. तुम्ही खुशाल फोनवर बोला, पडदा बंद करा, टीव्ही चालूच राहतो. पण टीव्हीला नेट कुठून? आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून. मोठा पडदा बघून ॲप उंची दर्जाचा व्हिडिओ मागवतं. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. रोजचा दीड-दोन जीबीचा रिचार्ज सिनेमाच्या मध्यंतराआधीच आटोपतो! म्हणून घरी ब्रॉडबँड नसेल तर मी मिररिंगच करा म्हणेन: फोनवर व्हिडिओचा दर्जा ४८०पी ठेवायचा आणि तेच टीव्हीवर पाठवायचं. त्यात फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते आणि फोनचा पडदा बंद केला की टीव्हीवरचंही जातं. तेवढं सोसावं लागतं.

मात्र नेटफ्लिक्ससारख्या ॲपवरचा सिनेमा मिरर केला की आवाज येतो, चित्र काळं. टीव्ही बिघडला म्हणून कुणी मेकॅनिककडे धाव घेऊ नये. सिनेमाची नक्कल होऊ नये म्हणून ॲपच चित्र अडवतं. बँकेची ॲप्सही बहुतेक असंच करतात.

एका दुकानात मला टाइप-सी ते एचडीएमआय केबल ‘सगळ्या फोनला चालते’ म्हणून मिळाली. माझ्या फोनला चाललीच नाही. टाइप-सीचं भोक सारखं दिसलं तरी बऱ्याच स्वस्त फोनमध्ये त्यातून चित्र बाहेर पडत नाही. ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय फोनमध्ये आहे का, ते बघूनच केबल घ्या.

आणि भीतीचं. टीव्हीवर फोन दाखवला की खात्यातले पैसे जातात का, असं एका माउलीनं मला अगदी काळजीनं विचारलं. मिराकास्टमध्ये चित्र तुमच्या फोनपासून तुमच्या टीव्हीपर्यंतच जातं. पैसे जातात ते दुसऱ्या प्रकारात: अनोळखी माणूस फोन करून ॲप टाकायला लावतो आणि इंटरनेटवरून तुमचा पडदा दूर कुठेतरी बघतो. एनीडेस्क ॲपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. घरच्या टीव्हीचा धोका एवढाच, की आलेला ओटीपी आणि खाजगी मेसेज खोलीतल्या सगळ्यांना दिसतात. मी वर्गात आधी नोटिफिकेशन बंद करतो.

ते पालक दुसऱ्या दिवशी आपला फोन घेऊन आले. मागच्या मंडईच्या जत्रेतल्या दंडारीच्या नाचाचा व्हिडिओ होता, त्यात त्यांचा मुलगा नाचत होता. जोडला, लागलाही, पण टीव्हीच्या मधोमध एक अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख. “बिघडला का जी?” बिघडलं काहीच नव्हतं, व्हिडिओ फोन उभा धरून काढलेला होता. मी फोन आडवा धरून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, तसाच आडवा करून वर्गातल्या पोरांकडे रोखला आणि म्हणाले, “यंदाच्या मंडईत असाच धरतो.”