मशीनची निगा, रोजगाराची राखण

कोल्हापुरात सुतारकाम, फर्निचर, फरशीकाम करणारी आपली मुले हल्ली ऑसिलेटिंग मशीन वापरतात. याचे पाते गोल फिरत नाही. मिनिटाला साधारण १०,००० ते २०,००० वेळा, जेमतेम ३-४ अंशांत डावी-उजवीकडे हलते. दवाखान्यात हाताचे प्लास्टर कापतात ते यंत्रही याच तत्त्वाचे. अमेरिकेच्या डॉ. होमर स्ट्रायकर यांनी ते १९४० च्या दशकात तयार केले.

मशीन बंद पडले की खाडा पडतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच : आधी पिन काढा, मग हात लावा. पाते सैल वाटले तर त्याची बैठक पुसून स्क्रू आवळा. काम रेंगाळले तर जोर लावू नका, बोथट पाते बदला. मशीन तापले तर हवेच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. वायरीच्या मशीनमध्ये ठिणग्या वाढल्या तर कार्बन ब्रश पाहा. झिजले असतील तर दोन्ही जोडीने बदला. मध्येच बंद-चालू होत असेल तर मुठीजवळची वायर तपासा. घरघर येऊ लागली तर बेअरिंग गेले समजा. शिवाजी उद्यमनगरातल्या जाणकार कारागिराला दाखवा.

रोज संध्याकाळी पाच मिनिटे मशीनला द्या. आणि माताभगिनींनो, मुलगा कामावर निघताना डब्याबरोबर मास्क आणि चष्माही हातात द्या. मशीन नवे मिळेल, डोळा मिळणार नाही.