मास्क लावलेली झोप

बोटाला क्लिप, नाकाशी बारीक नळी, छातीभोवती पट्टा. झोपेच्या तपासणीसाठी एवढं बांधून पेणहून आलेला तंत्रज्ञ परत गेला आणि रोह्याच्या घरात मामा पाठ टेकताच घोरू लागले. धाटावच्या एमआयडीसीत पाळ्या करून दमलेला माणूस. ‘घोरतात म्हणजे गाढ झोप लागलीय,’ ही मामींची कायमची खात्री. मी जागाच होतो. घोरणं चढत जायचं आणि मधेच तुटायचं. छाती-पोट धडपडत राहायचं, पण हवा आत शिरत नसे. मग एकदम धाप, कूस बदलणं, पुन्हा घोरणं. ऑक्सिजनचा आकडा तळाला जायचा तो श्वास सुरू झाल्यावर. फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. किमान 10 सेकंदांचे असे अडथळे तासाला 30हून जास्त आले, तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, तीव्र धरतात. मामांचा तसाच निघाला.

पेणच्या डॉक्टरांनी त्या तपासणीच्या अहवालाशेजारी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट ठेवला. हे दोन कागद एकत्र वाचायलाच हवेत. ऑक्सिजन सतत खाली-वर झाला की यकृत जास्त चरबी बनवतं आणि रक्तातली चरबी हटण्याचं काम मंदावतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसात मात्र वजन, मधुमेह, जेवण सगळंच गुंतलेलं.

उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली तो मांडला: हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. खरी मेहनत मास्क बसवण्याची. पट्टा सैल तर हवा डोळ्यांत जाते, घट्ट तर नाकावर वळ उठतो. रात्रपाळी असली की दिवसाच्या झोपेलाही मास्क हवाच. आणि वीज गेली की यंत्र बंद! जून 2020च्या निसर्ग वादळानंतर रायगडातली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. इन्व्हर्टरचा खर्च पेशंटला आधीच सांगायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

काही महिन्यांनी मामांचा एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडा उतरला. ‘मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू?’ मामांनी लगेच विचारलं. डॉक्टरांनी ठाम नकार दिला, आणि ते योग्यच होतं. सीपॅपने कोलेस्टेरॉल उतरलं तरी थोडंच उतरतं, काही चाचण्यांत तर उतरलेलंच नाही. त्या गोळीचं, म्हणजे स्टॅटिनचं काम सीपॅप करू शकत नाही. सीपॅपवरच्या 2016च्या ‘सेव्ह’ अभ्यासात दिवसाची पेंग कमी झाली, हृदयविकार आणि पक्षाघात मात्र घटले नाहीत. त्यात लोकांनी मास्क लावला होता रात्री सरासरी साडेतीन तासांहूनही कमी. मामांच्या यंत्रातलं कार्डही तास मोजतं. डॉक्टर आता रक्ताच्या रिपोर्टआधी ते कार्ड मागतात.