हात मोकळे, पण लक्ष?

मुंबई-आग्रा महामार्ग शिंदखेडा तालुक्यात नरडाण्यावरून जातो. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे 17 मीटर अंतर कापते. चालकाने फोनच्या पडद्याकडे तीन सेकंद पाहिले, तर 50 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. तेवढ्यात बैलगाडी आडवी यावयास वेळ लागत नाही.

सन 2019 च्या सुधारित मोटार वाहन कायद्यान्वये वाहन चालविताना हातातील फोन वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ऑक्टोबर 2020 पासून केवळ मार्ग पाहण्यासाठी फोनला मुभा देण्यात आली. मात्र चालकाची एकाग्रता भंगता कामा नये, ही अट आहे.

‘हँड्स-फ्री’ साधनाने हात सुकाणूवर राहतात, मन मात्र संभाषणात गुंततेच. महत्त्वाचे बोलणे गाडी थांबवूनच करावे. मुक्कामाचे ठिकाणही निघण्यापूर्वीच, जिल्ह्याच्या नावासह नोंदवावे. शिंदखेडा धुळ्यात, तर जिजाऊंचे सिंदखेड राजा बुलढाण्यात आहे. नावांच्या साधर्म्याने चूक झाली, तर ती धावत्या गाडीत दुरुस्त करण्याचा मोह होतो.